ठोसा दिसण्याआधीच ओळखा!

‘स्ट्रीट फायटर २’ हा १९९१ सालचा जपानी व्हिडिओ खेळ. १९९२ साली तो घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरही आला. ज्याची बोटे चपळ तोच यात जिंकणार, असे तुम्हाला वाटेल. पण थोडे गणित करून पाहू.

अशा खेळांत पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात. हलका ठोसा ४-५ चित्रांतच लागतो, म्हणजे सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला मात्र आपल्याला जवळजवळ पाव सेकंद, म्हणजे १५ चित्रांइतका वेळ लागतो! मग ठोसा अडवायचा कसा? आधीच ओळखून!

येथे दगड-कागद-कात्रीसारखे चक्र असते. बचाव ठोशाला अडवतो. बचाव करणाऱ्याला पकडून फेकता येते. पकडायला येणाऱ्याला ठोसा बसतो. सर्वांवर मात करणारी चाल एकही नाही. एकच चाल धरून बसलात, तर प्रतिस्पर्धी ती ओळखणारच. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात चाली योग्य प्रमाणात, पण क्रम कळू न देता मिसळाव्यात, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ सालीच सिद्ध केले होते.

आता मित्राबरोबर दगड-कागद-कात्रीचे ३० डाव खेळा आणि त्याच्या चाली वहीत टिपा. त्याची सवय सापडते का? आणि तुमची?