गोळी सुरू करताना, गोळी बंद करताना

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे साधारण दोन मतं ऐकू येतात. एक घरातलं: 'डोक्याच्या गोळ्या त्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत.' दुसरं गर्दीने भरलेल्या दवाखान्यातलं: 'काही होत नाही, बिनधास्त घ्या.' पहिल्यापायी माणसं औषध सुरूच करत नाहीत. दुसऱ्यापायी, ज्यांनी धीर करून सुरू केलं ती पहिल्या त्रासालाच बिचकतात आणि कोणाला न सांगता सोडून देतात. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचं दिसलं होतं. अशा देशात औषधाची भीती घालणं हे पापच आहे. पण त्रास झाकून ठेवल्याने भीती कमी होत नाही, उलट वाढते.

गैरसमज: या झोपेच्या गोळ्या आहेत, व्यसन लागतं.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरॉक्सेटीन ही 'एसएसआरआय' गटातली औषधं. व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलॉक्सेटीन ही त्यांची जवळची भावंडं. यांनी नशा येत नाही, तलफ लागत नाही आणि तेवढ्याच गुणासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. दारू किंवा तंबाखूच्या अर्थाने हे व्यसन नव्हे.

मग हा समज एवढा घट्ट का बसला? त्याचं एक कारण गोळीच्या पाकिटावरच छापलेलं असतं. आपल्या देशात एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत मिळतं. ही जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते आणि तिच्या नावापुढे बऱ्याचदा 'प्लस'चं शेपूट असतं. यातलं क्लोनाझेपाम वेगळ्याच कुळातलं, बेन्झोडायझेपिन गटातलं. पहिल्याच रात्री झोप लागते, छातीतली धडधड थांबते, आणि पेशंटला वाटतं, काय गुणाची गोळी आहे! हे औषध मात्र काही आठवड्यांतच अंगवळणी पडतं आणि बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर फिटसुद्धा येऊ शकते. 'या गोळीशिवाय मला झोपच येत नाही' असं म्हणणाऱ्याची तक्रार पुष्कळदा क्लोनाझेपामची असते आणि बदनाम होतं ते नैराश्यावरचं औषध.

म्हणून आज घरी गेल्यावर पाकीट उलटं करा आणि मागच्या चंदेरी बाजूवरचा बारीक मजकूर वाचा. एका गोळीत दोन औषधं दिसली, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की यातलं दुसरं किती दिवसांसाठी आहे. सुरुवातीचे काही आठवडे आधार म्हणून ते देण्यात वावगं काही नाही. तीच चिठ्ठी दाखवून दोन दोन वर्षं मेडिकलमधून पाकिटं आणत राहणं, हे मात्र चुकीचं आहे.

गैरसमज: व्यसन लागत नाही ना? मग वाटेल तेव्हा बंद केली तर काय बिघडतं?

बिघडतं. व्यसन न लागणं आणि थांबवताना त्रास न होणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो.

नेहमी घडणारा प्रकार घ्या. व्हेन्लाफॅक्सीन घेणारी बाई गणपतीला कोकणात गावी जाते आणि पाकीट डोंबिवलीच्या कपाटात राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून गरगरायला लागतं, मळमळतं, विनाकारण रडू येतं. मान वळवली किंवा नजर झटकन एका बाजूला नेली, की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका जातो. रात्री विचित्र, रंगीबेरंगी, दमवून टाकणारी स्वप्नं. घरचे म्हणतात प्रवासाची दगदग, उपास, दृष्ट. खरी गोष्ट अशी, की महिनोन् महिने औषधाशी जुळवून घेतलेल्या मेंदूचा आधार अचानक निघून गेलेला असतो. औषध पुन्हा सुरू केलं की हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो.

कोणत्या गोळीचा त्रास जास्त, हे बरंचसं ती शरीरातून किती लवकर उतरते त्यावर ठरतं. व्हेन्लाफॅक्सीनची रक्तातली पातळी सुमारे ५ तासांत निम्मी होते, शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या घटकाची ११ तासांत. पॅरॉक्सेटीनला साधारण २१ तास लागतात, एस्सिटालोप्रॅमला ३० तासांच्या आसपास. फ्लुओक्सेटीन मात्र रेंगाळणारं आहे. ते आणि त्याच्यापासून बनणारा घटक मिळून शरीरात काही आठवडे राहतात, म्हणून त्याच्या दोन गोळ्या चुकल्या तरी सहसा कळतही नाही. व्हेन्लाफॅक्सीन आणि पॅरॉक्सेटीनच्या बाबतीत तशी चैन नाही.

हे काही नवं संशोधन नव्हे. इमिप्रामीन हे नैराश्यावरचं सुरुवातीचं औषध १९५०च्या दशकात वापरात आलं आणि ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद १९५९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत झाली होती. तरीही 'त्रास सौम्य असतो, आठवड्याभरात जातो' असंच पुढची कित्येक वर्षं सांगितलं गेलं. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही तसंच लिहिलं होतं. काही जणांना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतो, हे तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सने मान्य केलं ते २०१९ साली. पेशंट सांगत होते, ऐकणारे साठ वर्षांनी जागे झाले.

किती जणांना होतो? आकड्यांवर वाद आहे. २०१९च्या एका आढाव्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के असा आकडा निघाला, पण त्यात ज्यांना त्रास झाला तेच उत्तर द्यायला पुढे येतात अशा प्रकारच्या पाहण्याही होत्या. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आलेल्या मोठ्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना त्रास झालेला दिसला. गंमत म्हणजे, नुसती साखरेची गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना तो झाला. दोहोंतला फरक औषधाचा धरला, तर साधारण ६-७ जणांत एकाला खरोखर औषध थांबल्याचा त्रास होतो, आणि तीव्र त्रास दर १०० जणांत सुमारे तिघांना. माझ्या मते २०२४चा हिशेब जास्त विश्वासाचा. पण त्यातल्या अनेक चाचण्या थोड्या आठवड्यांच्या होत्या, आणि पाच-सात वर्षं गोळी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवायला हवं.

गैरसमज: बंद केल्यावर त्रास झाला, म्हणजे आजार उलटला.

ही गल्लत सर्वांत महागात पडते, कारण तिच्यापायी माणूस आणखी दोन वर्षं औषधावर राहतो आणि 'मी कधीच बरा होणार नाही' असं मनाशी धरून बसतो. फरक बराचसा ओळखता येतो. औषध थांबल्याचा त्रास डोस चुकल्यावर किंवा कमी केल्यावर काही दिवसांत येतो. त्यात करंटसारखे झटके, गरगरणं, मळमळ अशी मूळ आजारात कधीच नसलेली लक्षणं असतात, आणि गोळी परत घेतली की तो झपाट्याने निघून जातो. नैराश्य परततं ते बहुधा हळूहळू, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी: आधी झोप बिघडते, मग जेवणावरची वासना जाते, मग कशातच मन लागत नाही. अर्थात चिडचिड, रडू, घाबरं होणं दोन्हींकडे असतं. त्यामुळे निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नये, तारखा लिहून ठेवाव्यात आणि त्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

गैरसमज: एक दिवसाआड घेत गेलं की आपोआप सुटते.

दिसायला सोपा वाटणारा, पण बहुतेक औषधांसाठी वाईट उपाय. जी गोळी एका दिवसात निम्म्याहून कमी होते ती दिवसाआड घेतली, तर मेंदूला रोज चढ-उताराचे हेलकावे बसतात. रोजचा डोस थोडा थोडा कमी करणं बरं.

त्यातही एक मेख आहे. डोस निम्मा केला म्हणजे परिणामही निम्मा होतो, असं नसतं. मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या अभ्यासांवरून दिसतं की एसएसआरआय गटातल्याच सिटालोप्रॅमचा २० मिलिग्रॅमचा डोस सेरोटोनिन परत ओढून घेणारी सुमारे ८० टक्के दारं अडवतो. डोस तिप्पट करून ६० वर नेला तरी आकडा जेमतेम ८८ पर्यंत जातो. उलट, साडेपाच मिलिग्रॅमच्या जवळपास उतरलं तरी ६० टक्के दारं अडलेलीच असतात. म्हणजे २० वरून १० वर येणं तुलनेने सोपं जातं आणि खरी उतरण शेवटच्या ५ मिलिग्रॅमपासून शून्यापर्यंत असते. पुष्कळ लोक तिथेच धडपडतात, कारण 'आता एवढीशीच तर राहिली' म्हणून शेवटचा तुकडा एकदम टाकून दिला जातो. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच आकडे मांडून सुचवलं, की डोस जितका लहान होत जाईल तितकी घटही लहान ठेवावी. काहींना यासाठी चार आठवडे पुरतात, काहींना कित्येक महिने लागतात.

आपल्याकडची अडचण अशी, की एवढे लहान डोस मिळणं कठीण. रेष असलेली गोळी अर्धी करता येते. थेंब किंवा सिरपच्या रूपात औषध मिळतं का, हे विचारता येतं. पण 'ईआर', 'एक्सआर' अशी अक्षरं असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या स्वतःहून तोडू, कुटू नयेत. दिवसभराचा डोस एकदम उतरतो.

गैरसमज: पहिल्या आठवड्यातच त्रास झाला. गोळी उष्ण पडली, मानवत नाही.

मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकेदुखी, झोप उडणं किंवा नको तेवढी येणं, थोडी बेचैनी हे पहिल्या एक-दोन आठवड्यांचे पाहुणे आहेत. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर डॉक्टर सकाळची वेळ देतात. पंचाईत ही, की त्रास पहिल्या दिवसापासून दिसतो आणि गुण यायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. मधल्या काळात माणसाला वाटतं, हे तर उलटंच झालं.

मात्र काही गोष्टींना 'होईल बरं' म्हणून थांबायचं नाही. एका जागी बसवत नाही इतकी तळमळ, जीव नकोसा होण्याचे विचार, किंवा याउलट झोपेची गरजच न वाटणं, अखंड बडबड, भराभर पैसे उडवणं. शेवटचा प्रकार आजार बायपोलर असल्याची खूण असू शकतो. २५ वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये हा इशारा मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ त्यांना औषध देऊ नये असा नाही. त्यांच्याकडे त्या दिवसांत घरच्यांनी नीट लक्ष द्यावं, एवढा आहे.

ज्याबद्दल कोणी विचारत नाही

कामेच्छा कमी होणं, तृप्तीला फार वेळ लागणं किंवा ती न येणं. हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम, आणि मळमळीसारखा तो आपला आपण जातोच असं नाही. दवाखान्यात पडद्याबाहेर सासूबाई बसलेल्या असताना हे कोण बोलणार? मग पेशंट गुपचूप गोळी सोडतो आणि डॉक्टरला वाटतं, हा बेशिस्त. डोस कमी करणं, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापीन यांसारख्या, हा त्रास तुलनेने कमी देणाऱ्या औषधावर जाणं असे मार्ग असतात. थोड्या जणांत औषध थांबवल्यावरही हा त्रास टिकल्याच्या नोंदी आहेत. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने तसा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला. बोलायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. डॉक्टरांना त्याचं नवल वाटत नाही.

गैरसमज: बाकीच्या औषधांशी हिचा काय संबंध?

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा मुद्दा फार मोलाचा. साठीपुढच्या माणसात, विशेषतः ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, या औषधांनी रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, तोल जायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, रक्त तपासून घ्या. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या सोबत असतील तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांनी सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: ताप, थरथर, घाम, गोंधळ. मेडिकलमधून खोकल्याचं औषध मागताना चालू गोळीचं नाव सांगायला विसरू नका.

गैरसमज: सुरू केली म्हणजे जन्माची बांधली.

पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या बहुतेकांना ती जन्मभर लागत नाही. पूर्ण बरं वाटल्यावर किमान सहा महिने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९ ते १२ महिने औषध चालू ठेवून मग उतरवायचं. आजार पुन्हा पुन्हा आला असेल तर हिशेब बदलतो. ब्रिटनमधल्या 'ॲन्टलर' या २०२१च्या अभ्यासात बरीच वर्षं गोळी घेणारे, पण आता बरे असलेले लोक होते. ज्यांची गोळी उतरवून थांबवली त्यांच्यातल्या ५६ टक्के जणांचं नैराश्य वर्षभरात परतलं; ज्यांची चालू ठेवली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांचं. थांबवल्याने धोका वाढतो, हे यातून स्पष्ट आहे. थांबवूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले, हेही त्याच आकड्यांत आहे. थांबवण्याचा हा धोका लक्षात घेऊन, गरोदर राहिल्याचं कळताच घाबरून गोळी फेकून देणाऱ्या बायकांनीही आधी डॉक्टरांना फोन करावा.

गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा: ही किती महिने, आणि उतरवायची कशी? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. प्रवासाला निघताना पाकीट हातातल्या पिशवीत ठेवा. आणि रात्री-अपरात्री मन फारच खचलं, किंवा डॉक्टर जवळ नसतील, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, आणि पलीकडे मराठीत बोलता येतं.