बार्शी लाइट रेल्वे : इतिहास आणि उरलेली दप्तरे



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते कामगारांची सेवापत्रके, पगारपत्रके आणि फंडाच्या चिठ्ठ्या ह्यांवर. तेव्हा बार्शी लाइट रेल्वेसारखा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. त्याला कारण एक म्हातारी आहे. तिची हकिगत पुढे सांगू. आधी रेल्वेकडे वळू.

मुंबईकडून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता १८६० साली सोलापुरास पोहोचला. बार्शी त्या वाटेत आली नाही. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटावरचा, निजामाच्या मुलखातला माल बैलगाड्यांनी बार्शीस उतरे आणि तेथून पुन्हा गाड्यांत भरून सुमारे एकवीस मैलांवरच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनावर जाई. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. ह्या व्यापाराचे चित्र पाहायचे असेल त्याने १८८४ सालचे सोलापूरचे गॅझेटिअर उघडावे. तिकडे लातूरही कापसासाठी गाजलेले होते. खुद्द लोकमान्यांनी मित्रांच्या भागीत तेथे सरकी काढण्याचा कारखाना घातला होता. एवढा माल, आणि रस्ता बैलाच्या खांद्यावर.

ही अडचण ओळखली एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअराने. हा गृहस्थ १८८२ साली जी. आय. पी.च्या नोकरीत आला होता. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आगगाडीचे ओझे रुळावर पडते ते चाकांच्या एकेका जोडीतून. कॅलथ्रॉपने ठरविले की कोणत्याही जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, मग ती जोडी इंजिनाची असो की वाघिणीची. असे केले म्हणजे यार्डास तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो, पूल हलके चालतात आणि भांडवल थोडे लागते. इंजिन ताकदवान हवे असेल तर त्याला चाकांच्या जोड्या वाढवायच्या, म्हणजे ओझे सर्व जोड्यांवर सारखे वाटले जाते. (कामाची अशी सारखी वाटणी आम्ही माणसांत फार थोड्या ठिकाणी पाहिली.) रुळांतले अंतर त्याने अडीच फूट धरले. भारतात गाडी येण्यापूर्वी १८९४ साली इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून लोकांना तिची चाचणी दाखविण्यात आली. इंजिनेही लीड्सच्याच किटसन कारखान्यातली.

१८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली फाटा पंढरपुरास गेला, १९११ साली गाडी लातुरास पोचली आणि १९२७ साली पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ करीत मिरजेस. लातूर ते मिरज मिळून सुमारे दोनशे दोन मैल. कॅलथ्रॉप त्याच १९२७ साली वारला.

पंढरपूरचा फाटा झाल्यावर कंपनीचे नशीब पालटले. एरवी कापूस आणि धान्य वाहणारी गाडी आषाढी-कार्तिकीला माणसे वाहू लागली. डबे पुरत नसत, म्हणून मालाच्या बंद वाघिणींतही वारकरी बसविले जात. धनी लंडनमध्ये, माल मराठवाड्याचा, आणि गर्दी विठोबाची, असा हा कारभार होता.

१९५१ साली मध्य रेल्वे झाली तेव्हा बार्शी लाइट तिच्यात नव्हती, कारण ती अजून खाजगी होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. त्यानंतरही अरुंद गाडी कित्येक वर्षे धावली. कुर्डुवाडी-पंढरपूर रुंद झाली ती ह्या शतकाच्या आरंभी. २००८ पर्यंत लातूरची बाजू आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरजेची. नवा रस्ता जुन्याच वाटेने गेला असे मात्र नाही. जुनी गाडी येडशीवरून जाई आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, बाजूला राही; रुंद मार्ग वळवून त्या शहरास नेला आहे. जुन्या वाटेवरचे भराव पाहताना हे ध्यानी ठेवावे.

आता दप्तरांकडे येऊ. कंपनी लंडनची असल्यामुळे कागद एका जागी नाहीत. करार आणि भारतमंत्र्याच्या कचेरीशी झालेला व्यवहार शोधायचा तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर पाहावे लागते. मुंबई इलाख्यातल्या जमिनी, रस्ते, पूल ह्यांबद्दलच्या सरकारी कामासाठी मुंबईचे पुराभिलेखागार, आणि निजामाच्या हद्दीपुरते हैदराबादचे. रेल्वे बोर्डाच्या छापील वार्षिक अहवालांत दरसालचे मैल, उत्पन्न आणि खर्च मिळतो. जुन्या ब्रॅडशॉत गाड्यांच्या वेळा मिळतात. इंजिनांविषयी तर विचारूच नका. इंग्लंडातल्या शौकिनांनी एकेका इंजिनाचा जन्म-मृत्यू लिहून ठेवला आहे. ह्या सगळ्यात गँगमन, मुकादम, पॉइंट्समन, खलाशी कोठे आहेत? अहवालात ते आकड्याने येतात, नावाने येत नाहीत. नाव असते ते मस्टरवर आणि सेवापत्रकावर. आणि हे कागद मुदत भरली की नष्ट करावेत असाच सर्व कचेऱ्यांचा रिवाज आहे. कराराचा कागद जपून ठेवतात, हजेरीचा जाळतात.

म्हातारीची हकिगत इथेच येते. तिचा नवरा कंपनीच्या काळात गँगमन म्हणून लागला आणि रेल्वेत पेन्शन आली त्या १९५७ सालाच्या आधीच निवृत्त झाला. हाती पडला तो प्रॉव्हिडंट फंड. अशा कामगारांच्या विधवांना १९८६ पासून अल्पशी सानुग्रह रक्कम लागू झाली. नव्वदच्या दशकात म्हातारी आमच्याकडे आली. एका कचेरीने तिला कळविले होते की १९५४ पूर्वीच्या नोकरीचा कागद उपलब्ध नाही आणि नंतरच्या कागदावरील नाव अर्जातल्या नावाशी जुळत नाही. साहेबाने इंग्रजीत लिहिताना ‘धोंडिबा’चे ‘धोंडू’ केले होते. आम्ही वर्षभर खेटे घातले. शेवटी आमच्या एका जुन्या फिटरने सुचविले, “मावशीच्या पेटीत बघा.” पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीखाली फंडाची पिवळी चिठ्ठी होती, तिच्यावर नाव, बिल्ल्याचा नंबर आणि अंगठा. बिल्ला तर देवघरात ठेवलेला. नंबराला नंबर जुळला. रक्कम सुरू झाली आणि म्हातारीने ती सात महिने घेतली.

त्या चिठ्ठीची नक्कल आमच्याजवळ आहे. तेव्हापासून आम्ही असे कागद गोळा करू लागलो. आजवर मिळाले ते थोडे : पास, दंडाच्या पावत्या, कुर्डुवाडीच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीची हिशेबाची वही, निरोपसमारंभाची दोन छायाचित्रे. बार्शी, पांगरी, येडशी, मुरूड, मोडनिंब, सांगोला, आरग ह्या गावांचे जे श्रोते इथे असतील त्यांच्या घरी आजोबांची पेटी असेल, तर ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडावी. मूळ कागद आम्हांला नको, तो घरीच राहावा. त्याची नक्कल तेवढी काढू द्यावी, आणि छायाचित्र असेल तर त्यातला कोण कोणता हे सांगणारे माणूस हयात आहे तोवर मागच्या बाजूस पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत.