मागणी खरी किती, ऑर्डरचा फुगवटा किती?

समजा, इंदापूरच्या एका दुकानात आठवड्याला ४० जोड चपला खपतात. एका आठवड्यात ५० खपल्या. माल कमी पडू नये म्हणून दुकानदाराने बारामतीच्या ठोक व्यापाऱ्याकडे ६० जोड मागवले. ठोक व्यापाऱ्याने कारागिराला ८० जोडांची ऑर्डर दिली. कारागिराने १०० जोडांचे कातडे आणि सोल उधारीवर उचलले. पुढच्या आठवड्यात खप पुन्हा ४० वर आला. दुकानात माल पडून असल्याने ऑर्डर थांबली. गिऱ्हाइकाने जास्तीचे घेतले फक्त १० जोड. उधारीचा बोजा मात्र कारागिरावर पडला.

चाबकाची मूठ थोडी हलली तरी टोक जोरात उडते. म्हणून या प्रकाराला चाबकाचेच नाव मिळाले आहे. बाळांच्या डायपरचा खप जवळपास सारखा असूनही प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला ऑर्डरमध्ये मोठे चढउतार दिसले. हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणे मांडली: ऑर्डरवरून खपाचा अंदाज बांधणे, थांबून एकदम मोठी ऑर्डर देणे, सवलतीच्या वेळी साठा करणे आणि टंचाईच्या भीतीने जादा मागणे.

जपानचे काओरू इशिकावा यांनी गुणवत्तेची सात सोपी साधने कामगारांपर्यंत नेली. त्यांपैकी तीन आपल्याला पुरेशी आहेत.

पहिले, नोंदतक्ता. रोज प्रत्यक्ष खपलेला माल लिहावा. माल नसल्याने परत गेलेले गिऱ्हाईकही लिहावे.

दुसरे, आलेख. खप आणि ऑर्डर यांच्या दोन रेषा एकाच कागदावर काढाव्यात. ऑर्डरची रेषा जास्त उड्या मारत असेल, तर चढउतार बाजारातला नसून आपल्याच साखळीतला आहे.

तिसरे, वर्गवारी. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांचा गळीत हंगाम, आषाढात बारामती-इंदापूरमार्गे जाणारी तुकाराम महाराजांची पालखी, दिवाळी आणि ईद यांचा खप वेगवेगळा मांडावा. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. रमजान ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. अशा वेळी एप्रिलची तुलना एप्रिलशी केली तर धंदा बसल्यासारखा वाटेल. तुलना ईदपूर्वीच्या चार आठवड्यांची त्याच चार आठवड्यांशी करावी.

यासाठी संगणक लागत नाही. एक वही पुरते. कारागीर बंधूंनी कच्चा माल उचलण्यापूर्वी व्यापाऱ्याला "किती पाहिजेत?" एवढेच विचारू नये. "गेल्या आठवड्यात खपले किती आणि शिल्लक किती?" हेही विचारावे. दुकानदारानेही हे आकडे लपवू नयेत. कारागीर कर्जात बुडाला तर उद्या दुकानाला माल कोण देणार?