क्रूसमूर्ती आणि करुणरस : उपवासकाळाच्या संदर्भात एक विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) शिकविताना ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाचा प्रसंग आला, की 'येथे करुणरसाचा परिपोष झाला आहे' असा निर्वाळा देऊन आपण बहुधा पुढे जातो. हा निर्वाळा कितपत साधार आहे हे ठरविण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धेतील क्रूसमूर्तीचा अर्थ आधी पाहिला पाहिजे. तो उपवासकाळात विशेष स्पष्ट होतो.

प्रथम संज्ञांचा विचार करू. क्रूस ही दोन छेदणाऱ्या तुळयांची आकृती होय. तीवर खिळलेल्या ख्रिस्ताचा देहही दाखविला असेल, तर ती क्रूसमूर्ती. कॅथलिक उपासनेत क्रूसमूर्तीला मध्यवर्ती स्थान आहे. अनेक प्रॉटेस्टंट पंथ रिकामा क्रूस पसंत करतात, कारण त्यातून पुनरुत्थान सूचित होते. मराठी बायबलमधील 'वधस्तंभ' हा शब्द आकृतीपेक्षा तिच्या उपयोगाकडे लक्ष वेधतो. रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना व बंडखोरांना दिली जाई. मरणाइतकीच तीत मानहानी होती. त्यामुळेच आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती कलेत या प्रसंगाचे चित्रण फारसे आढळत नाही. रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर (सु. ४३०) ते दिसते, पण तेथील ख्रिस्त हात पसरून ताठ उभा आहे. मृत, जखमांनी भरलेला देह मध्ययुगात रूढ झाला. ग्र्यूनेवाल्टने ईझेनहाइम येथील मठाच्या रुग्णालयासाठी रंगविलेल्या वेदीचित्रात (सु. १५१२-१६) ख्रिस्ताच्या अंगावर व्रणच व्रण आहेत. त्वचा जाळणाऱ्या व्याधीने पीडित रुग्णांना त्या देहात स्वतःचा देह दिसावा, ही त्यामागील दृष्टी.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळता चाळीस दिवसांचा काळ म्हणजे उपवासकाळ. प्रार्थना, उपवास व दानधर्म ही त्याची तीन अंगे. या काळाच्या उत्तरार्धात, पाचव्या रविवारच्या सुमारास, चर्चमधील क्रूसमूर्ती जांभळ्या वस्त्राने झाकण्याची प्रथा आहे. ज्या काळात तिचे चिंतन अधिक व्हावयाचे, त्याच काळात ती दृष्टीआड होते, हे सकृद्दर्शनी विसंगत वाटेल. परंतु नित्य दर्शनाने बोथट झालेली दृष्टी या आच्छादनामुळे पुन्हा उत्सुक होते. शुभ शुक्रवारी ते वस्त्र तीन टप्प्यांनी दूर केले जाते आणि भाविक एकेक करून पुढे येऊन क्रुसाला वंदन करतात.

हे वंदन कोणत्या भावाने केले जाते, याचे सूचन स्टीफन्स ज्या येशूसंघाचे होते त्याच्या संस्थापकाच्या साधनाग्रंथात सापडते. इग्नेशियस लोयोला साधकाला क्रुसावरील ख्रिस्तासमोर उभे करतो आणि आपण त्याच्यासाठी काय केले, काय करीत आहोत व पुढे काय करावयास हवे, याचा जाब साधकाने स्वतःलाच विचारावा असे सांगतो. म्हणजे क्रूसमूर्तीसमोर केवळ हळहळणे अपेक्षित नाही. पश्चात्ताप आणि आचरणातील पालट अपेक्षित आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुणाला निरपेक्ष, तर विप्रलंभाला सापेक्ष म्हटले आहे. पुनर्मीलनाची आशा सर्वथा खुंटली, की शोक करुणाला पोचतो. उपवासकाळातील शोकाला मात्र ईस्टरची अपेक्षा आरंभापासून गृहीत आहे. शिवाय हे मरण श्रद्धेच्या दृष्टीने स्वेच्छेने केलेले आत्मार्पण असल्याने त्यात असहायतेला शेवटचा शब्द मिळत नाही. म्हणून हा भाव निव्वळ करुण ठरत नाही; विप्रलंभ शृंगाररूप असल्याने तोही येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शोकाला अंगभूत करून घेणारा भक्तिभाव, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

पुढे रेव्हरंड टिळकांसारखे प्रॉटेस्टंट परंपरेतील कवी मराठीत आले. त्यांच्या आणि स्टीफन्सच्या काव्यातील क्रूस एकाच अर्थाने वाचणे इष्ट नाही. दोहोंमागील उपासनापद्धती भिन्न आहेत. रसाचे नाव देण्यापूर्वी वर्गात हा भेद विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तर 'ख्रिस्तपुराणा'तील त्या अध्यायांना अधिक न्याय मिळेल.