माघातला घोडा का उधळतो?

माघ लागला की कोल्हापूरकर रविवारी पहाटेच्या अंधारात जोतिबाच्या खेट्यांना निघतात. हवेत अजून गारवा असतो, पण दुपारचे ऊन चटका देऊ लागलेले असते. याच दिवसांत कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये महिना-महिना बांधून असलेला घोडा बाहेर काढला जातो, कारण १९ फेब्रुवारी जवळ आलेली असते. शिवजयंतीची मिरवणूक आणि तिच्या मागेपुढे लग्नसराईच्या वराती. मालक अगाडी-पिछाडी सोडतो, तोंडात लगाम चढवतो आणि घोडा दारातच मागच्या दोन पायांवर उभा राहतो.

त्या क्षणी त्याच्याकडे जरा जवळून बघावे. मान ताडकन वर, दोन्ही कान समोर रोखलेले, मग एक कान झटकन मागे. नाकपुड्या इतक्या रुंदावतात की आतला गुलाबी पडदा दिसतो. शेपूट मुळापासून उचललेली, पाठ ताठ. एक लांब फुरफुर, मग पुढच्या पायाने जमीन उकरणे, चार पावले नाचत तिरके चालणे आणि रस्त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद हलला की एकदम बुजून दुगाणी. ‘मस्तीला आलाय,’ असे निदान आजूबाजूचे लगेच करतात. उपायही ठरलेला असतो: लगाम आखूड धरा, दोन फटके द्या, सुतासारखा सरळ होईल. तो होत नाही. का होत नाही, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनाने बरेच उलगडले आहे, आणि त्यातले पुष्कळसे जुन्या पागांमधल्या माणसांना अनुभवाने ठाऊकही होते.

पहिली गोष्ट घोड्याच्या पोटात, डाव्या बाजूला आहे. तिथे त्याची प्लीहा, म्हणजे आपल्या बोलीतली पांथरी असते. घोड्याची पांथरी तांबड्या रक्तपेशींचे कोठार आहे. तो निवांत असताना रक्तात या पेशींचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. भीती किंवा उत्तेजना वाटली की पांथरी आकुंचन पावते, साठवलेल्या पेशी रक्तात ओतते आणि हा वाटा ६० टक्क्यांपर्यंत चढतो. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० ठोके देणारे हृदय भरधाव पळताना २०० च्या वर जाते. काही क्षणांत एवढा प्राणवायू स्नायूंना पुरवणारी ही यंत्रणा वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवण्यासाठी घडली आहे. चाबूक उगारला की तीच यंत्रणा आणखी जोरात सुरू होते. फटक्याने घोडा शांत होत नाही, याचे कारण इतके साधे आहे.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. फक्त नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीच्या थेट मागची पट्टी दिसत नाही. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, तर घोड्याचा ३३ हजारांच्याही पुढचा. आता हे डोळे आणि हे कान घेऊन फेब्रुवारीतल्या कोल्हापूरच्या रस्त्यावर या. साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मोठ्याने गाणी लावलेले ट्रॅक्टर जात असतात. वाटेच्या कडेला काल भिंतीसारखा उभा असलेला ऊस आज तोडून नेलेला असतो. माणसाला त्यात काही वाटत नाही, घोड्याच्या दृष्टीने मात्र ओळखीची वाट रातोरात बदललेली असते. त्यात वारा, भगव्या पताकांची फडफड आणि दूर कुठे हलगीचा सराव. तो बुजतो तेव्हा त्याला खरोखरच काहीतरी दिसलेले किंवा ऐकू आलेले असते.

ऋतूचाही यात हात आहे. घोड्याच्या शरीराला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ऊब राखण्यासाठी किंवा थंड होण्यासाठी विशेष खटपट करावी लागत नाही. कोल्हापूरची माघातली सकाळ अगदी या टप्प्यातली. पळताना स्नायूंत तयार होणाऱ्या उष्णतेचा निचरा गार हवेत पटकन होतो, म्हणून पळणेही सोपे जाते. शिवाय दिवस मोठा होऊ लागतो. कोल्हापुरात डिसेंबरअखेर सुमारे अकरा तासांचा असलेला दिवस शिवजयंतीपर्यंत अर्ध्या तासाने वाढलेला असतो. अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा काळ त्यामुळे आखडतो. या बदलावरच घोडीचे माजावर येणे अवलंबून असते आणि खच्ची न केलेल्या घोड्याची अस्वस्थताही त्याच सुमारास वाढते. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे लोक या नियमाचा उपयोग करून घेतात: घोडी लवकर माजावर यावी म्हणून तबेल्यात रात्री दिवे लावून तिचा दिवस सोळा तासांचा करतात. साध्या घोडेवाल्याला हा बदल खराऱ्यात दिसतो. हिवाळ्यातले दाट केस गळू लागतात आणि खराऱ्याच्या दातांत पुंजके अडकतात.

पण ऋतू सगळ्याच घोड्यांना सारखा असतो, आणि उधळतात ते काहीच. फरक पडतो तो दाण्यात आणि चालीत.

घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरणारा प्राणी आहे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. त्यात आम्ल सतत पाझरत असते, खाणे चालू असो वा नसो. त्या आम्लावरचा उतारा म्हणजे लाळ, आणि लाळ सुटते ती चघळतानाच. कडबा किंवा वाळके गवत तासन् तास चघळणाऱ्या घोड्याचे पोट शांत राहते. याउलट वैरण थोडी आणि सकाळ-संध्याकाळ तोबराभर चंदी असे केले की दोन गोष्टी घडतात. स्टार्चने रक्तातली साखर भर्रकन चढते आणि उतरते. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि तिथली आम्लता वाढवतो. स्टार्चचा खुराक आणि तंतुमय खुराक यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांत स्टार्चवरचे घोडे नव्या वस्तूंना जास्त बिचकले आणि हाताळायलाही अवघड गेले. मिरवणूक जवळ आली म्हणून कौतुकाने हरभरा वाढवणे आणि वर गुळाचा खडा चारणे हा प्रेमाचा प्रकार खरा, पण त्याने आगीत तेल पडते.

मराठ्यांना दाणा-वैरणीच्या हिशेबाचे महत्त्व चांगले कळत होते. १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या घोडदळाच्या तळावरील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळाभर पुरेल अशा बेताने दाणा-वैरण खर्च करावी आणि गवताच्या गंजींना आगीपासून जपावे, हा त्याचा एक गाभा. रयतेला त्रास होऊ नये ही कळकळ त्यात आहेच. पण चार महिने छावणीत उभ्या असलेल्या घोड्यांची जबाबदारी म्हणजे काय, हेही त्यातून दिसते.

आता चाल. ऑस्ट्रेलियात रानटी घोड्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून मोजणी झाली, तेव्हा ते दिवसाला सरासरी १६ किलोमीटर चालतात असे आढळले. सहा मीटर लांब-रुंद आवारात ठेवलेला घोडा मात्र दिवसभरात जेमतेम १.१ किलोमीटर हलला. दावणीला अगाडी-पिछाडीने बांधलेल्या घोड्याची चाल किती, हे वेगळे मोजायला नको. न झालेली ही चाल आत साचत राहते. आठवड्याला दोन तास मोकळे सोडलेले आणि बारा तास मोकळे सोडलेले घोडे यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन तासवाले सुटल्या सुटल्या जास्त धावले आणि त्यांनी दुगाण्याही जास्त झाडल्या. बारा तासवाले खाली मान घालून चरू लागले.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरांत पोरांना तोंडपाठ असते: फिरवले नाही म्हणून. प्राणिशास्त्रज्ञांनी पट्टे बांधून आणि घड्याळ लावून जे सिद्ध केले, ते हेच.

कोल्हापूरला घोडा फिरवण्याची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांचा खडखडा, म्हणजे घोडे जुंपायची उघडी गाडी, जुन्या पिढीने सांगितलेल्या आठवणींत अजून आहे. घोड्यांना गाडीची सवय लावायची, त्यांना वळण द्यायचे तर असे दणकट, उघडे वाहन लागते. मागे वजन असल्याने नवखा घोडा भलत्या वेगाने सुटू शकत नाही आणि चाकांच्या खडखडाटाला त्याचा कान सरावतो. महाराज स्वतः तो हाकत शहरातून फिरत. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या ज्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे खडखडा थांबवून महाराज चहा घेत, ते गंगाराम आधी संस्थानच्या पागेतच नोकरीला होते. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यातला हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. तो घडला घोडे आणि घोडे सांभाळणारी माणसे यांच्या जगात, हे मात्र विसरतो. घोड्याची दुसरी बाजूही याच घराण्याने सोसली. १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. उत्तम घोडे आणि जाणती माणसे हाताशी असलेल्या घरात हे घडले.

मग महिनाभर बांधलेल्या घोड्याचे करायचे काय? सुरुवात दोन-तीन आठवडे आधी हवी. पहिले काही दिवस पाठीवर कोणी न बसता, हाताने धरून नुसते चालवणे. वेळ रोज थोडी वाढवायची. मग लांब दोरीवर गोल फिरवणे, ज्याला जुने चाबूकस्वार कावा म्हणत. तोही थोडाच वेळ आणि दोन्ही बाजूंनी, कारण लहान गोलात सारखे पळवल्याने सांध्यांवर ताण येतो. स्नायू आणि दम लवकर परत येतात, पण कंडरा आणि हाडे यांना जास्त दिवस लागतात. ‘एकदा दमवून काढला की झाले’ हा हिशेब इथे चुकतो. चंदी कमी आणि कडबा-गवत भरपूर, हा बदलही हळूहळू करायचा, एका दिवसात नाही.

खरारा हा औषधाइतका महत्त्वाचा आहे. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानेच्या तळाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तीही हीच जागा. डेन्मार्कमधल्या प्रयोगात, सरावलेल्या शांत घोड्याच्या सोबतीने नवखा घोडा भीतिदायक वस्तूला कमी घाबरला. म्हणून शक्य असेल तर मिरवणुकीत एकटा घोडा नेऊ नये, जुना जाणता जोडीदार शेजारी द्यावा. हलगी आणि ताशाची ओळखही आधीच, दुरून, घोडा वैरण खात असताना करून द्यावी आणि दिवसागणिक अंतर कमी करावे.

धरणाऱ्या माणसाचे काय? स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा नेले. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले, आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला काही सांगितलेच नव्हते त्या घोड्याचेही वाढले. भीती हातातून लगामात उतरते, असे घोडेवाले म्हणतात ते खोटे नाही.

एक धोका मात्र स्वभावाचा नाही, थेट जिवाचा आहे. विलायतेत गाडीला जुंपल्या जाणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, पण खुराक पूर्ण मिळे, आणि सोमवारी कामाला लावताच काही घोड्यांचे स्नायू ताठ होऊन ते जागीच खिळत. या विकाराला ‘सोमवारचा आजार’ असेच नाव पडले. भरपूर घाम, कडक पुठ्ठे, पाऊल न उचलणे आणि गडद तपकिरी लघवी ही त्याची लक्षणे. अशा घोड्याला ‘अडून बसलाय’ म्हणून मारून चालवले तर स्नायूंचा चुराडा होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याला तिथेच उभे करून पशुवैद्यकाला बोलवायचे. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी केली की हा आजार बहुतेक टळतो.

यंदा मिरवणुकीसाठी किंवा वरातीसाठी घोडा ठरवायला जाल तेव्हा भाड्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा: गेल्या पंधरा दिवसांत हा रोज किती फिरला, आणि हलगी याच्या कानावर कधी पडली? उत्तर देताना मालक चाचरला तर तो घोडा गर्दीत नेऊ नका. नेलात तर त्याच्या जवळ फटाके लावू नका, पोरांना त्याच्या मागे उभे करू नका, आणि वाटेत त्याला पाणी पाजायला विसरू नका.