घास कापून आलास व्हय?

एप्रिलमधली टळटळीत दुपार. पारा चाळिशीच्या पुढे. पुण्याहून एसटीने माळीवाडा स्टँडवर उतरलो आणि मित्राच्या बाईकवर मागे बसून गाव गाठलं. अंगात लिननचा शर्ट, मनगटावर दोन हजारांचा नवाकोरा ‘ग्रीन’ परफ्युम. ऑफिसात तिघांनी ‘कुठला रे?’ म्हणून विचारलेला! ओट्यावर बसलेल्या आण्णांनी एकदाच हुंगलं आणि म्हणाले, “काय रं, घास कापून आलास व्हय?”

घ्या!

हा जोक कळायला तुम्ही नगरकडचे हवेत. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं.) आमच्याकडे घास म्हणजे कुठलंही गवत नव्हे. घास म्हणजे लसूणघास, दुभत्या गाईंचा हिरवा चारा. शहराच्या बाजारपेठेत चक्क घासगल्ली आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने या पिकाची ‘आरएल-८८’ नावाची जातसुद्धा काढलीय. सकाळी दंव असताना विळ्याने घास कापला की जो ओला, किंचित कडसर वास सुटतो ना, तो माझ्या लहानपणाचा वास.

आणि तोच मी कॉलेजात असताना साबणाने घासून काढत होतो. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एकाने माझी बॅग उघडून नाकाला रुमाल लावला होता. “काय रे, गोठ्यातून आलास का?” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर कुणी ‘वडील काय करतात?’ विचारलं की मी ‘बिझनेस’ म्हणायचो. सुट्टीत घरी गेलो तरी घास कापायला जायचो नाही. आण्णांनी कारण कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिल्या पगारातून सगळ्यात आधी काय घेतलं असेल? ऊदवाला, मसालेदार, दणदणीत परफ्युम. लिफ्टमध्ये माझ्याआधी तो शिरायचा!

त्याची नशा उतरली एका मे महिन्यात. मीटिंग सुरू होती, एसी बंद पडलेला. शेजारची कलीग डोकं धरून बाहेर गेली. मायग्रेन. नंतर अगदी गोड शब्दांत म्हणाली, “प्लीज, उन्हाळ्यात तरी हा नको ना.” लाज वाटली, पण बरं झालं. तिनेच ‘काहीतरी हिरवं ट्राय कर’ असं सुचवलं.

फंडा सोपा आहे. उष्णतेने सुगंधी रेणू भराभर उडतात. म्हणजे थंडीत मंद वाटणारा ऊद, व्हॅनिला, अंबर हा माल उन्हात एकदम अंगावर येतो. उलट पानं, देठ, औषधी वनस्पती यांचे वास उडाले तरी हलके वाटतात. कापलेल्या पानाच्या वासामागे सिस-३-हेक्झेनॉल नावाचं अल्कोहोल असतं आणि परफ्युमवाले तेच वापरतात. थोडक्यात, आण्णांचं नाक चुकलं नव्हतं! या हिरव्या घराण्याची गाजलेली बाटली म्हणजे १९४७ सालचा बाल्मांचा ‘व्हाँ व्हेर’, अर्थात ‘हिरवा वारा’. जर्मेन सेलिए या बाईंनी तो बनवला, गॅल्बनम नावाचा डिंक सढळ हाताने ओतून. हे गॅल्बनम म्हणजे आपल्या फोडणीतल्या हिंगाचं भावंड, दोघांचं कूळ फेरुला. पॅरिसची फॅशन आणि आमटीची फोडणी, नातं आहे बॉस!

पण दोन हजार खर्च करायलाच हवेत असं कुठाय? त्याच सुट्टीत नगरच्या बाजारात एका छोट्या अत्तराच्या दुकानात शिरलो. चाचांनी काडीवर वाळा लावून दिला आणि म्हणाले, “लगेच हुंगू नको बेटा, एक चक्कर मारून ये.” मारली. परत येईस्तोवर मनगटावर ओली माती, मुळं आणि माठातलं पाणी! लक्षात ठेवा, रंग फसवतो. वाळा हे एका गवताचं तपकिरी मूळ. सरबताचा तो पोपटी रंग बाटलीतला. अस्सल रूह खस कनौजकडे तांब्याच्या डेगांमध्ये निघतं आणि महाग असतं. शंभर रुपयांत कुणी ‘प्युअर’ म्हणत असेल तर हसा आणि पुढे चला. वाळ्याचा मोठा गुण म्हणजे तो टिकतो. लिंबू, पुदिना अर्ध्या तासात गायब होतात, हा संध्याकाळपर्यंत साथ देतो.

माझा खरा लाडका मात्र दवणा. चैत्रात आमच्या देव्हाऱ्यावर वाहतात तो, जोतिबाच्या यात्रेत गुलालाबरोबर असतो तोच. करड्या-हिरव्या नाजूक पानांची ही झुडपं दक्षिणेत तेलासाठी शेतात लावतात आणि ते तेल परदेशी परफ्युममध्ये जातं. जाणकार म्हणतात की ते प्रत्येकाच्या त्वचेवर वेगळं लागतं. माझ्यावर पिकलेल्या फळासारखं गोडसर येतं, मित्रावर निव्वळ पालापाचोळा! त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून घेऊ नका, स्वतःच्या मनगटावर बघा.

नगरचा उन्हाळा कोरडा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथे कोरड्या कातडीवर वास टिकत नाही म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग अत्तर. मुंबईच्या चिकचिकाटात मात्र निम्माच डोस पुरे. लिंबूवर्गी तेल उघड्या कातडीवर लावून उन्हात जाऊ नका, काहींनी डाग पडू शकतात. अत्तर पांढऱ्या शर्टावर तर नकोच, पिवळा ठिपका कायमचा (अनुभवाचे बोल). आणि बाटली बाईकच्या डिकीत ठेवायची नाही, उकडून तिचं वाटोळं होतं. घामावर स्प्रे मारणारे अजून सुधारलेले नाहीत, त्यांच्याविषयी काय बोलावं? आधी आंघोळ करा यार!

निजामशाहीतल्या मंडळींना हे आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग त्यांनी तळ्याच्या मधोमध बांधला होता. उन्हाळ्याशी लढायचं नाही, त्याच्यावर पाणी शिंपडायचं. आज तळं कोरडं आहे.

त्या दुपारी आण्णांनी बाटलीची किंमत विचारली. खोटं बोलवलं नाही. त्यांनी बोटांवर हिशोब मांडला, तेवढ्यात घासाच्या किती पेंढ्या येतील याचा. आकडा काही सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो, विळा घेतला आणि दहा वर्षांनी त्यांच्यासोबत वाफ्यात बसलो. बोटं कापली, कंबर धरली. माझ्या चार पेंढ्या होईस्तोवर त्यांचा भारा बांधून झाला होता.

निघताना वाळ्याची तीन एमएलची कुपी कोनाड्यात ठेवून आलो. परवा आईचा फोन आला. “ते तुझं अत्तर संपत आलंय,” ती म्हणाली. “रोज डेअरीला जाताना कानात फाया घालतात. तुला सांगू नको म्हणालेत.”