बोटाला कळणारं बटण

शिरूर-दौंड पट्ट्यातला ऊस आणि कांदा घोड, भीमा आणि मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. ते पाणी पिकापर्यंत पोचतं एका पत्र्याच्या पेटीच्या जोरावर. ती पेटी म्हणजे मोटरचा स्टार्टर. शेतीची थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीच्या पाळीला येते. दारं धरायला निघालेल्या माणसाच्या एका हातात बॅटरी, दुसरा हात चिखलाने ओला, आणि शिरूरकडे उसातल्या बिबट्याची धास्ती. वस्तू वापरायला सोपी आहे का, याची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही.

न्हावरे-चौफुला रस्त्यावरच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात मी दुपारभर बसलो. मिस्त्रींनी पाच एचपीच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्तीला घेतला होता. झाकणावर दोन बटणं. हिरवं कड्याच्या आत बसवलेलं, लाल चांगलं बाहेर आलेलं. चुकून कोपर लागलं तर मोटर चालू होऊ नये आणि घाईत तळहात आपटला तरी ती बंद व्हावी, एवढ्यासाठी हा उंचसखलपणा. मिस्त्रींनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि लाल बटण बरोबर दाबलं. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही, त्यांचंही इथे अडत नाही. रांजणगाव एमआयडीसीतल्या यंत्रांवर पिवळ्या चकतीवरचं फुगीर लाल बटण असतं, त्यामागेही हाच विचार आहे.

झाकण काढल्यावर खरी हुशारी दिसते. हिरवं बटण दाबलं की कॉइल पट्ट्या ओढून धरते. बोट काढलं तरी मोटर चालत राहते. लाईट गेली की पकड सुटते, आणि लाईट परत आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. मधल्या वेळात कोणी फुटबॉल, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, साफ करायला विहिरीत उतरलं असेल, तर त्याचा जीव या एका गुणावर असतो. ‘ऑटो’चा खटका टाकला की हे संरक्षण जातं. शिवाय लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि भार डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, येतो.

लहानपणी पोलिओ झालेले आणि चाकाच्या खुर्चीतून वावरणारे अमेरिकी वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी सर्वांना वापरता येईल अशा रचनेचा विचार मांडला. त्यांच्या गटाने 1997 मध्ये त्याची सात तत्त्वं प्रसिद्ध केली. चूक झाली तरी इजा होऊ नये, माहिती सहज कळावी, जोर कमी लागावा, ही त्यांतलीच. आपल्या पेटीने त्यांतली काही पाळली आहेत, काही नाहीत.

अँपिअरचा काटा वाचणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून मिस्त्री मीटरच्या काचेवर लाल रंगाची रेघ मारून देतात. स्टार्टर न्यायला आलेल्या मावशींनी मला समजावलं, “तिन्ही दिवे लागले का हिरवं दाबायचं. काटा रेघेच्या पुढं गेला का बंद. लईच खाली आला तर हिरीचं पाणी तुटलं.” मावशींना सांगता आलं नाही असं त्या काट्यात काही उरलं नव्हतं. कारखान्याने ही रेघ आधीच का दिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पेटीवरची अक्षरंही इंग्रजीच.

काही नव्या पॅनेलवर बटणं सपाट, चकचकीत, एका मापाची असतात. दुकानात ती नजरेत भरतात. ओल्या बोटाला मात्र चालू कुठलं आणि बंद कुठलं ते कळत नाही. मला जुनी पेटीच जास्त देखणी वाटते, कारण तिचा प्रत्येक उंचवटा कशासाठी आहे ते दिसतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींनो, संगणकावर पॅनेल काढण्याआधी एकदा रात्रीच्या लाईटला कोणाबरोबर तरी विहिरीवर जा. आणि बटणांवर मराठीत लिहा.